फॉरमॅट मारण्याआधी : शाळेच्या आणि घरच्या संगणकातला डेटा कसा वाचवाल?



आज थोडा वेगळा विषय घेतेय. हा पाठ मी आधी स्वतः नापास होऊन शिकले आणि मगच तुमच्यासमोर मांडतेय.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेचा संगणक तालुक्याच्या गावी दुकानात नेला होता. चालू व्हायलाच दहा मिनिटं लागायची, मध्येच बंद पडायचा. दुकानातल्या दादांनी बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, विंडोज नव्यानं टाकावं लागेल. सी मध्ये काही आहे का?" मी बिनधास्त सांगितलं, "काही नाही, आमचं सगळं डी मध्ये असतं." संध्याकाळी संगणक घेऊन आले. एकदम चकाचक, दोन मिनिटांत चालू. मी खूश.

शाळा उघडली. भुलाबाईच्या गाण्यांचा फोल्डर शोधायला गेले तर तो नाहीच. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, खाऊ ओळखायला लावतात. गावातल्या एका आजींना त्यातली जुनी गाणी पाठ होती. आधी त्या तयारच नव्हत्या. म्हणाल्या, "मास्तरीनबाई, मले गानं येते, पन ते पेटीत कसं बसन?" मग तीन दुपार बसून माझ्या मोबाईलवर त्यांची अकरा गाणी रेकॉर्ड केली. मोबाईल भरला म्हणून ती शाळेच्या संगणकात टाकली आणि मोबाईलमधून काढून टाकली. फोल्डर कुठे ठेवला? डेस्कटॉपवर. समोर दिसावा म्हणून.

डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमध्येच असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पौषात आजी गेल्या. त्यांची नात आमच्याच शाळेत चौथीला आहे. ती एक दिवस मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "मॅडम, आजीचा आवाज ऐकवा ना." तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना.

दुकानदाराची यात चूक नाही. त्यांनी विचारलं होतं. चूक माझ्या उत्तरात होती. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

हा विषय आत्ताच का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. म्हणजे त्या संगणकाला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं. संगणक लगेच बंद पडत नाही, पण दिवसेंदिवस असुरक्षित होत जातो. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. लोकसहभागातून मिळालेले आपल्या शाळांचे बरेच संगणक त्यात बसत नाहीत. त्यामुळे कुणी नवीन विंडोज टाकतंय, कुणी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतंय, कुणी उबंटूसारखी मोफत प्रणाली घेतंय. मार्ग कोणताही असो, आधी डेटा बाजूला काढून ठेवावाच लागतो.

फॉरमॅट मारल्यावर नेमकं काय होतं?

हार्ड डिस्क म्हणजे एक मोठं कपाट समजा. त्यात सी, डी, ई असे कप्पे. विंडोज सी कप्प्यात राहतं. विंडोज नव्याने टाकताना साधारणपणे फक्त सी कप्पा रिकामा करतात, डी आणि ई ला हात लावत नाहीत. म्हणून "डी मध्ये ठेवलं की सुरक्षित" असा आपला समज होतो. तो अर्धाच खरा आहे. त्याची दोन कारणं.

पहिलं म्हणजे डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे चारही फोल्डर मुळात सी मध्येच असतात. आपण मुद्दाम जागा बदलली नसेल तर स्क्रीनवर समोर दिसणारी प्रत्येक फाईल सी मध्ये आहे असंच धरा. खात्री करायची असेल तर फाईलवर राईट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि लोकेशन वाचा. पहिलं अक्षर सी असेल तर ती फाईल धोक्यात आहे.

दुसरं म्हणजे डी हा वेगळा कप्पा असला तरी कपाट एकच आहे. विंडोज टाकताना चुकून दुसरा कप्पा निवडला गेला, किंवा हार्ड डिस्कच खराब निघाली, तर सी आणि डी दोन्ही जातात. सी मधून डी मध्ये केलेली कॉपी हा बॅकअप नव्हे. आपण फक्त वरच्या फळीवरचं खालच्या फळीवर ठेवलं.

आता फॉरमॅटबद्दल. झटपट होणाऱ्या क्विक फॉरमॅटमध्ये फाईली लगेच पुसल्या जात नाहीत, त्यांची अनुक्रमणिका पुसली जाते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी धडे आत असतात, तसंच. म्हणूनच जुन्या हार्ड डिस्कमधून रिकव्हरी सॉफ्टवेअरने कधी कधी फाईली परत मिळतात. पण त्याच जागेवर नवीन विंडोज लिहिलं गेलं, की त्या पानांवर नवा मजकूर छापला गेला. मग काही मिळत नाही. आणि एसएसडी असेल तर आशा फारच कमी. ती वेगवान राहण्यासाठी मोकळी झालेली जागा आतून स्वतःच साफ करत असते.

आमच्या बाबतीत हेच झालं. मी फोल्डर शोधायला लागले तोपर्यंत त्या जागेवर नवीन विंडोज, ऑफिस आणि प्रिंटरचे ड्रायव्हर येऊन बसले होते.

पायरी १ : कागदावर यादी करा

संगणक चालू करण्याआधी कागद-पेन घ्या. या संगणकातलं काय गेलं तर आपलं अडेल, ते लिहा. शाळेसाठी नमुना यादी देते:

• निकालपत्रकं, आकारिक व संकलित मूल्यमापनाच्या एक्सेल शीट
• शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे आणि बोनाफाईडचे नमुने
• पोषण आहाराच्या नोंदी, व्यवस्थापन समितीचे ठराव, लेखापरीक्षणाची कागदपत्रं
• स्नेहसंमेलन, सहल, बाल आनंद मेळावा यांचे फोटो आणि व्हिडिओ
• सराव प्रश्नपत्रिका, वर्कशीट, स्वतः तयार केलेले पीपीटी

घरच्या संगणकासाठी जमिनीचे सातबारे, विम्याच्या पावत्या, लग्न-बारशाचे फोटो, मुलांचे प्रकल्प. यादीपुढे एक रकाना ठेवा : "ही फाईल आणखी कुठे आहे?" ज्या ओळीत तो रकाना कोरा राहील, ती फाईल सगळ्यात आधी कॉपी करा. माझ्या भुलाबाईच्या ओळीत तो कोराच राहिला असता.

पायरी २ : दिसत नाहीत त्या जागा शोधा

डेस्कटॉप आणि डाउनलोड्स आपण बघितले. याशिवाय:

• रिसायकल बिन. चुकून डिलीट केलेलं महत्त्वाचं काही तिथे आहे का ते एकदा बघा.
• ब्राउझर. बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड तिथे असतात. वेगवेगळ्या शासकीय पोर्टलचे लॉगिन संगणकालाच पाठ असतात, आपल्याला नाही. ते वहीत उतरवा आणि वही कुलपात ठेवा.
• संगणकावर एकापेक्षा जास्त युजर असतील तर प्रत्येकाचा डेस्कटॉप वेगळा असतो. आधीच्या मुख्याध्यापकांच्या नावाचं युजर असेल तर तेही उघडून बघा.
• शॉर्टकट. ज्या चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो ती फाईल नसते, फाईलकडे जाणारी पाटी असते. पाटी कॉपी करून गाव सोबत येत नाही. शंभर फोटोंचा फोल्डर कॉपी व्हायला अर्धा सेकंद लागला, तर समजा की शॉर्टकटच उचललाय.

पायरी ३ : मराठी फॉन्ट विसरू नका

इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शक लेखांत हा मुद्दा बहुतेक सापडणार नाही, पण आपल्याला तो हमखास नडतो. आपल्या जुन्या फाईली श्रीलिपी, कृतीदेव, डीव्ही-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात. हे युनिकोड फॉन्ट नाहीत. फाईलच्या आत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. नवीन विंडोजवर तो फॉन्ट नसला की फाईल सुखरूप असूनही उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसतात. आपल्याला वाटतं फाईल खराब झाली. फाईल ठीक असते, तिचा चष्मा हरवलेला असतो.

म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे, त्यातले आपले मराठी फॉन्ट कॉपी करून घ्या. फॉन्ट विकतच्या सॉफ्टवेअरबरोबर आले असतील तर त्याची सीडी, डोंगल किंवा की कुठे आहे ते आधी शोधा. महत्त्वाच्या फाईलींची पीडीएफही करून ठेवा. पीडीएफमध्ये साधारणपणे फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. आणि इथून पुढचं सगळं काम युनिकोडमध्येच करा.

पायरी ४ : कुलूप आहे का ते तपासा

नवीन लॅपटॉपमध्ये अनेकदा डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. दुरुस्तीच्या वेळी संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर आपलाच डेटा आपल्याला उघडता येत नाही. लॅपटॉप चालू असतानाच सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधा. ते चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन की बघा आणि कागदावर लिहून घ्या. त्याच लॅपटॉपमध्ये साठवू नका. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद करण्यासारखं होईल.

पायरी ५ : कॉपी कुठे करायची?

पेन ड्राइव्ह चालेल, पण तो लहान असतो, हरवतो, आणि शाळाशाळांत फिरून व्हायरस घेऊन येतो. जमल्यास एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्या. पेन ड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यात जात नाही. स्नेहसंमेलनाचा लांब व्हिडिओ इथेच अडतो. तेव्हा "जागा शिल्लक आहे तरी कॉपी का होईना?" असं वाटलं तर कारण हे आहे. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट केला की अडचण सुटते.

गुगल ड्राइव्हवर १५ जीबी मोफत मिळतात, पण त्यातच जीमेल आणि गुगल फोटोही मोजले जातात. शिवाय आपल्याकडचं नेट लक्षात घ्या. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर १० जीबी चढायला साडेचार तासांच्या आसपास लागतात, तेही वीज आणि रेंज टिकली तर. म्हणून ऑनलाईन फक्त अत्यंत महत्त्वाचं टाका आणि फॉरमॅटच्या आदल्या रात्री सुरुवात करू नका.

जाणकार लोक ३-२-१ असा नियम सांगतात. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. शाळेसाठी सोपं करून सांगायचं तर एक संगणकात, एक शाळेच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाईन किंवा मुख्याध्यापकांच्या घरी.

एक सूचना मनापासून. आपल्या फाईलींत मुलांचे आधार क्रमांक, बँक खाती, पालकांचे मोबाईल असतात. तो पेन ड्राइव्ह दुकानात ठेवून येऊ नका. पालकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आता आलाच आहे, पण कायदा नसता तरी ती आपली जबाबदारीच होती.

पायरी ६ : कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : दुसऱ्या संगणकावर उघडून बघितल्याशिवाय बॅकअप पूर्ण होत नाही.

आधी मूळ फोल्डर आणि कॉपी केलेला फोल्डर, दोन्हींच्या प्रॉपर्टीज उघडून फाईलींची संख्या आणि आकार जुळवा. मग ड्राइव्ह सेफली रिमूव्ह करून काढा आणि दुसऱ्या संगणकाला लावा. प्रत्येक फोल्डरातली पहिली, मधली आणि शेवटची फाईल उघडा. ऑडिओ ऐका. व्हिडिओ थोडा पुढे नेऊन बघा. मराठी अक्षरं नीट दिसतात का ते पाहा. आपण मुलांना गणिताचा ताळा करायला लावतो ना? हा तसाच ताळा आहे. त्याला पंधरा मिनिटं लागतात.

पायरी ७ : ताळा झाला की ड्राइव्ह काढून ठेवा

हे का, ते समजायला आपल्या राज्यातलीच एक घटना बघू. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा संगणक-हल्ला जगभर पसरला. मर्स्क या डेन्मार्कच्या प्रचंड मोठ्या जहाज कंपनीचे संगणक त्यात बंद पडले. त्याच समूहाचं एक टर्मिनल उरण तालुक्यात न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरात आहे. तिथलं कामही विस्कळीत झालं. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर सगळं नव्याने टाकावं लागलं. हे काम दहा दिवसांत झालं, असं कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. आपण एका संगणकाला घाबरतो, तिथे ४५ हजार होते!

पण खरी अडचण वेगळीच होती. कोणत्या कर्मचाऱ्याला संगणकात कुठे प्रवेश आहे, याची जी मूळ नोंद असते तिच्या जगभरात सुमारे १५० प्रती होत्या. त्या सगळ्या एकमेकींना सतत जोडलेल्या होत्या, म्हणून सगळ्या एकदमच गेल्या. वाचली फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातली. का? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो संगणक नेटवर्कपासून तुटलेला होता! ती प्रत हार्ड डिस्कवर घालून माणसाच्या हाती विमानाने इंग्लंडला नेली, तेव्हा पुढचं काम मार्गी लागलं.

लोडशेडिंगला आपण रोज नावं ठेवतो. त्या दिवशी त्यानेच एवढ्या मोठ्या कंपनीला तारलं. यातून घ्यायचं ते एवढंच की सतत जोडलेली प्रत मूळ फाईलबरोबर बुडू शकते. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंकचंही तसंच आहे. इकडे फाईल डिलीट केली की तिकडूनही जाते. म्हणून एक प्रत तरी वायर काढून कपाटात ठेवलेली हवी. आणि फॉरमॅटच्या वेळी ती दुकानात नसावी.

संगणक चालूच होत नसेल तर?

घाबरू नका. बहुतेक वेळा विंडोज बिघडलेलं असतं, डिस्क ठीक असते. उबंटूसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवता येते. तिच्यातून फाईली दिसतात आणि कॉपी करता येतात. किंवा हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. दुकानात स्पष्ट शब्दांत सांगा : "आधी डेटा काढा, मला दाखवा, मग फॉरमॅट मारा." डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

आणि फॉरमॅट होऊन गेल्यावर काही राहिल्याचं लक्षात आलं, तर त्या क्षणी संगणक बंद करा. नवीन काहीही टाकू नका. सी ड्राइव्हमध्ये विंडोज.ओल्ड नावाचा फोल्डर आहे का ते आधी बघा. फॉरमॅट न करता वरून विंडोज टाकलं असेल तर जुन्या फाईली त्यात सापडतात. काही दिवसांनी विंडोज तो फोल्डर स्वतःच काढून टाकतं, म्हणून उशीर नको.

शेवटी

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज ते दोघेही हयात नाहीत, पण त्या ओव्या 'परी' या संकेतस्थळावर वाचता येतात, अनेक ऐकताही येतात. गोळा करणारे गेले तरी गाणी राहिली, कारण ती एकाच पेटीत अडकून पडली नाहीत. आपल्या शाळेतही असं काहीतरी असतंच. ते शासनाच्या कोणत्याच पोर्टलवर नसतं आणि त्याची दुसरी प्रत कुठेच मिळत नाही. निकालपत्रक पुन्हा तयार होईल. आवाज पुन्हा तयार होत नाही.

आमच्या आजींच्या अकरा गाण्यांपैकी एकाचा चाळीस सेकंदांचा तुकडा एका पालकाच्या मोबाईलमध्ये सापडला. त्यांनी दाराशी उभं राहून सहज घेतला होता. मागे कोंबडी ओरडतेय, मुली हसतायत आणि मध्ये आजींचा आवाज. तो मी त्यांच्या नातीला ऐकवला. तिने तीनदा ऐकला आणि विचारलं, "बाकीची?" बाकीच्या गाण्यांचे शब्द आता गावातल्या दुसऱ्या आजींकडून लिहून घेतेय. तो चाळीस सेकंदांचा तुकडा तीन ठिकाणी आहे. एक हार्ड डिस्क शाळेच्या कपाटात, तिची वायर काढलेली.

आजचा गृहपाठ सगळ्यांसाठी : संगणक उघडा, डेस्कटॉपवरच्या एका आवडत्या फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि लोकेशनचं पहिलं अक्षर वाचा. सी असेल, तर ती फाईल आजच आणखी एका ठिकाणी ठेवा.

माहिती उपयोगी वाटली तर आपल्या केंद्रातल्या शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत जरूर पोहोचवा.